फादर थॉमस स्टीफन्स : दुरावलेल्यांची संगत



मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आले, की बहुतेकांना मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आठवतात. शालेय पाठ्यपुस्तकांपासून भाषादिनाच्या भाषणांपर्यंत त्या इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत, की त्यांचा कर्ता म्हणजे मराठीवर भाळलेला एक परदेशी पाहुणा, अशी आपली समजूत होऊन बसते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही समजूत ख्रिस्तपुराणाच्या वाचनात अडथळा ठरते. स्टीफन्स पाहुणे नव्हते. ज्या देशात ते जन्मले त्या देशात त्यांच्या पंथाच्या धर्मगुरूला मृत्युदंड होत होता, आणि ज्या प्रदेशात ते चाळीस वर्षे राहिले तेथे त्यांच्या पंथाच्या सत्तेने इतरांना देशोधडीला लावले होते. या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात घडल्या, हे ध्यानात ठेवून हे चरित्र तुम्ही वाचावे.

या चरित्राला एका प्रश्नाचे सूत्र आहे. श्रद्धेने एकत्र आलेली माणसे समुद्राने, तुरुंगाने किंवा राजाज्ञेने एकमेकांपासून तोडली जातात, तेव्हा त्यांची संगत कशाच्या आधारे टिकते? मराठी ख्रिस्ती परिभाषेत या संगतीला ‘सहभागिता’ असा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द असून, एखाद्या वस्तूत अनेकांचा वाटा असणे हा त्याचा मूळ अर्थ होय. वाटा घ्यायचा तर माणसे एकत्र हवीत, असे आपल्याला सहजच वाटते. स्टीफन्स यांना आयुष्यभर नेमके तेच नाकारले गेले.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते लहान असतानाच, १५५८ मध्ये, राणी एलिझाबेथ गादीवर आली आणि राज्याचा अधिकृत पंथ बदलला. रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांची त्यांची मुख्य उपासना, बेकायदा ठरली. या बंदीचे मर्म समजून घ्या. मिस्सा एकट्याने पोथी वाचून होत नाही. तिला धर्मगुरू लागतो, वेदी लागते आणि जमलेली माणसे लागतात. म्हणून ज्याच्यावर बंदी आली तो केवळ एक विधी नव्हता, ते एकत्र येणेच होते. त्यामुळे आडवळणाच्या वाड्यांतून, दारे लावून, ओळखीच्या माणसांपुरती ही उपासना चालू राहिली.

अशा दिवसांत स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी मैत्री जुळली. पाउंड एकेकाळी राणीच्या दरबारात मानाने वावरलेले. पुढे दरबार सोडून ते धर्माकडे वळले. दोघे बरोबर हिंडत, तेव्हा संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांच्या नोकराच्या वेषात असत. रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट या नावाने आपल्याला परिचित असलेल्या धर्मसंघात, दाखल व्हायचे असा दोघांचा बेत ठरला. परंतु निघण्याच्या तयारीत असतानाच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये त्यांनी संघात प्रवेश घेतला.

यानंतरचा प्रसंग इतिहासग्रंथांत एखाद्या ओळीत उरकला जातो. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. १५७८ मध्ये स्टीफन्स यांनी संघाच्या प्रमुखांकडे एक विनंतीअर्ज केला. आपला मित्र तुरुंगात आहे, तो येऊ शकत नाही, तरी त्याला संघात घ्यावे, अशी ती विनंती होती. येशूसंघाची रीत पाहता हे मागणे विलक्षणच म्हटले पाहिजे. संघात येणाऱ्याला आधी उमेदवारीच्या आश्रमात राहावे लागे. वरिष्ठांच्या नजरेखाली, इतरांच्या पंगतीला बसून त्याची पारख होई. येथे तर पारख करणारे रोममध्ये आणि उमेदवार इंग्लंडच्या कोठडीत. तरीही संघप्रमुख एव्हरार्ड मर्क्युरियन यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पत्र लिहून पाउंड यांना संघाचे सभासद करून घेतले. पाउंड यांनी निरनिराळ्या तुरुंगांत मिळून सुमारे तीस वर्षे काढली. संघाच्या घरात एक रात्रही न राहता ते संघाचे झाले, ते केवळ एका कागदाने. हे दोघे मित्र पुन्हा कधी भेटले नाहीत.

कागदावरचा शब्द अनुपस्थित माणसाला जवळ आणू शकतो, हा धडा स्टीफन्स यांनी मराठीची एक ओवीही ऐकण्याच्या कितीतरी आधी असा गिरवला होता. ख्रिस्ती परंपरेत तो नवा नव्हता. संत पौल यांची काही पत्रे तुरुंगातून लिहिलेली आहेत आणि दूरच्या मंडळ्यांतून ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली जात. स्टीफन्स यांना हा वारसा ठाऊक असणारच. मात्र आपल्या मित्रासाठी तो वापरून पाहावा, हे सुचणे त्यांचे स्वतःचे.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून पाच गलबतांच्या काफिल्याबरोबर निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. १० नोव्हेंबर रोजी त्यांनी वडिलांना प्रवासाची हकिकत लिहून पाठविली. आफ्रिकेला घातलेला वळसा, वाऱ्यांच्या दिशा, आकाशात दिसणारे पक्षी, मोठाले मासे, जहाजावरचे आजारपण, सगळे त्यात आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. तरी त्या काळच्या मानाने हा आकडा थोडाच समजला गेला. पुढे हे पत्र रिचर्ड हॅक्लुइट यांच्या इंग्रजी प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमधील व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळविणाऱ्या कागदपत्रांत त्याची गणना होऊ लागली. मुलाने बापाला लिहिलेल्या पत्रात व्यापाऱ्यांनी सागरी मार्ग शोधला, यात नवल नाही. पण तुम्ही ते वाचाल तेव्हा मार्गापेक्षा अंतराकडे लक्ष द्या. गोव्याहून परतीची जहाजे हिवाळ्यात निघत आणि पुढच्या उन्हाळ्यात लिस्बनला लागत. तिकडून नवा काफिला सुटे तो त्यानंतरच्या वसंतात. म्हणजे एका पत्राचे उत्तर हाती पडायला, सारे सुरळीत घडले तरी, जवळजवळ दोन वर्षे लागत. जहाज बुडाले तर उत्तर नाहीच. अशा पत्रात माणूस काय लिहितो? आपण जिवंत आहोत, आणि जे पाहिले त्यात तुमचाही वाटा आहे, एवढे पोहोचावे म्हणून तो सारे काही बारकाईने लिहितो.

गोव्यातच धर्मगुरुपदाची दीक्षा झाल्यावर स्टीफन्स यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली. ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे, तर दक्षिण गोव्यातील मडगाव-राशोलचा सहासष्ट गावांचा मुलूख. तेथे ते पोहोचले त्याच्या दहा-बारा वर्षे आधीच पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवळे पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा हे देव नदीपलीकडे, आदिलशाहीच्या हद्दीत, अंत्रुज महालात नेण्यात आले होते. आज तुम्ही मंगेशी किंवा कवळे येथे जाता, तेव्हा ही स्थलांतरित दैवते पाहता. देवांबरोबर त्यांची माणसेही गेली. काही कुटुंबे ओलांडून गेली, काही मागे राहून ख्रिस्ती झाली. एकाच घराण्याच्या दोन शाखांमध्ये नदी आडवी आली. दुराव्याचे दुःख फक्त परदेशातून आलेल्या पाद्र्यांनाच होते, असे समजण्याची चूक कोणी करू नये. या भूमीतल्या माणसांचा दुरावा अधिक खोल होता आणि तो लादणारी सत्ता पाद्र्यांच्या पाठीशी उभी होती.

त्याचा स्फोट जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे झाला. नव्या चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या रुदोल्फ आक्वाविव्हा आणि त्यांच्या चार जेझुइट सहकाऱ्यांना, सोबतच्या काही ख्रिस्ती माणसांसह, गावकऱ्यांनी ठार केले. सत्तेने सूड घेतला तो असा, की गावाच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि तेथे त्यांना मारले. स्टीफन्स यांनी २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पॅरिसमधील आपला भाऊ रिचर्ड यास लॅटिनमध्ये लिहिलेल्या पत्रात आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिकत कळविली.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याच पत्रात आणखी एक ठेवा सापडतो. या देशातील भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्या घडणीसारखी आहे, असे निरीक्षण स्टीफन्स यांनी त्यात नोंदविले आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी विल्यम जोन्स यांचे सुप्रसिद्ध भाषण १७८६ चे. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण. ते कोणाच्या दृष्टीस पडले नाही, कारण पत्र खाजगी होते आणि ते छापले गेले १९५७ मध्ये. भावाशी गप्पा मारता मारता एखादा माणूस पुढच्या शास्त्राचा दरवाजा किलकिला करून जातो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला फार हृद्य वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक कसोटी आली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. हेर आणि पाखंडी असा दुहेरी संशय त्यांच्यावर होता. इंग्लंडमध्ये एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला फाशी होऊन दोनच वर्षे झाली होती. स्टीफन्स यांनी या देशबांधवांकडे पाठ फिरविली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांना जामिनावर सोडविण्यास मदत केली. पुढे फिच गोव्यातून निसटून हिंदुस्थानभर फिरला. या मदतीमागे त्यांना आपल्या पंथात ओढण्याची आशाही असेल. चरित्रकाराने ती शक्यता नाकारू नये. पण एका मित्राला इंग्लंडच्या कोठडीत सोडून आलेला माणूस कोठडीतल्या इंग्रजांसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, याचाही विचार करावा. १५८५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून जेझुइटाचे देशात असणे हाच राजद्रोह ठरविला. परतण्याचा प्रश्न तेथेच संपला.

यापुढील तीन दशके स्टीफन्स बहुतेक काळ साष्टीतच होते. मधल्या काळात त्यांनी निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या आणि थोडा काळ वसईत काढला. त्या तपशिलात आपण शिरणार नाही. त्या वर्षांचे खरे फळ म्हणजे १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण.

ते का लिहिले, याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आले आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रश्न साधा वाटला तरी त्यात गाऱ्हाणे आहे. पुराण म्हणजे केवळ कथा नव्हे. संध्याकाळी कामे आटोपून माणसे जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधूनच कोणी अर्थ विचारतो. ही एक बैठक असते. पोथ्या गेल्या तेव्हा ही बैठकच मोडली. देवळाच्या जागी चर्च उभे राहिले, पण पुराणाच्या जागी काहीच आले नाही. धर्मोपदेश होता, तो प्रश्नोत्तरांच्या रूपात पाठ करायचा. स्टीफन्स यांनी ही रिकामी जागा ओळखली. जमण्याची मुभा नसलेल्या समाजात ते वाढले होते. म्हणून त्यांना ती इतरांपेक्षा लवकर ओळखता आली, असे मानण्यास आधार आहे.

त्यांनी ओवी निवडली, कारण ती कानाला सवयीची होती आणि पाठ होण्यास सोपी. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना वृत्तान्त, दुसऱ्यात येशूचे जन्म, कार्य, मरण आणि पुनरुत्थान. सारे मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, तिच्यात कोकणीचे मिश्रण. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, मुक्तीला मोक्ष म्हटले. पण पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’ हेच शब्द ठेवले. ही निवड सरमिसळ वाटते. परंतु नीट पाहिले तर तिला एक धोरण आहे. जेथे श्रोत्याला घरच्यासारखे वाटले पाहिजे तेथे घरचा शब्द आणि जेथे सीमारेषा स्पष्ट हवी तेथे परका. या धोरणात ओढाताण आहे, ती लपत नाही आणि लपविण्याचे कारणही नाही. श्रोत्यांची जुनी पोथी हिरावून घेणाऱ्या व्यवस्थेचाच एक सेवक त्यांना नवी पोथी देत होता.

लिपीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. ट, ड, ण, ळ यांसारखे मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी रोमन अक्षर दुप्पट करण्याची युक्ती त्यांनी वापरली. पण ही त्यांची आवड नव्हती. १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या पत्रात त्यांनी या देशाची पुस्तके या देशाच्याच लिपीत छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. अक्षरांसाठी सहाशे साचे लागतील म्हणून ते अशक्य समजले जाते, पण ती संख्या दोनशेपर्यंत आणता येईल, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. ते टंक त्यांच्या हयातीत घडले नाहीत. लंडनमधील मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच निवर्तले. त्यांचे कोकणी ख्रिस्ती तत्त्वांचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात, राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून या दुसऱ्या ग्रंथाचा उल्लेख तुम्हाला भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात पुन्हा भेटेल.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. अशा वातावरणात छापखान्याकडून अपेक्षा करणे व्यर्थ होते. तीनही आवृत्त्यांची एकसुद्धा छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने नकलून घेतलेल्या प्रतींमुळे. नक्कल करणे हे कष्टाचे काम. ज्या पोथीची घरात गरज नाही ती कोणी अकरा हजार ओव्या भरून उतरवीत नाही.

ही गरज सर्वांत तीव्रपणे दिसली ती गोव्याबाहेर. गोव्यातून निरनिराळ्या काळी अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे, कानडा किनाऱ्यावर जाऊन स्थायिक झाली होती आणि जाताना त्यांनी ही पोथी सोबत नेली होती. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. चर्च उद्ध्वस्त झाली. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत, पंधरा वर्षे, जे जगले ते बंदिवासात राहिले. त्या समाजात परंपरेने सांगितले जाते, की धर्मगुरू नाही, वेदी नाही, मिस्सा नाही अशा त्या काळात ख्रिस्तपुराणातील शिकवणीनेच लोकांची श्रद्धा तगवून धरली. प्रत्येक बंदिवानाच्या घरी पोथी होती असे यावरून समजायचे नाही. ओव्या पाठ होत्या, आणि पाठ असलेली ओवी जप्त करता येत नाही. शिक्षक समोर नसताना ही पुस्तिका हाती घेऊन बसणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांना या परिस्थितीचा थोडासा तरी अंदाज करता येईल, अर्थात तुमची अडचण त्या मानाने फारच सुखाची आहे.

१९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे मंगळुरातून ख्रिस्तपुराणाची आवृत्ती प्रसिद्ध केली. आधुनिक अभ्यासाचा आरंभ तेथून होतो. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यातून निघाली आणि मराठी वाचकाला हा ग्रंथ त्याच्या स्वतःच्या लिपीत उपलब्ध झाला.

पुढील घटकात तुम्हाला दुसऱ्या पुराणातील निवडक ओव्या अभ्यासायच्या आहेत. येशूचे स्वर्गारोहण आणि मागे राहिलेले शिष्य हा प्रसंग येईल, तेव्हा तो मनातल्या मनात वाचू नका. घरातील कोणालाही समोर बसवा आणि चार ओव्या मोठ्याने म्हणा. अर्थ अडला तर टीप पाहण्यापूर्वी ऐकणाऱ्याला काय समजले ते आधी विचारा.